भोंग्यापलीकडचा वेळ

मुंबईच्या गिरण्यांमध्ये पहिली जवळजवळ ५० वर्षं कामाचे तास सूर्य ठरवत असे. कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. तेव्हापासूनची रीत अशी, की पहाटे धागा डोळ्यांना दिसायला लागला की पट्टे फिरायचे आणि संध्याकाळी दिसेनासा झाला की थांबायचे. मुंबईत डिसेंबरमधला दिवस जेमतेम ११ तासांचा, जूनमधला सव्वातेरा तासांचा. त्यामुळे ज्या दिवसांत खात्यात उकाड्याने जीव कासावीस होतो, नेमक्या त्याच दिवसांत काम सर्वांत लांबायचं. दुपारी अर्धा तास यंत्र बंद राहील, याचीही सगळीकडे खात्री नव्हती. साचा, म्हणजे माग, चालू असतानाच आळीपाळीने चार घास खाऊन घ्यायचे.

शेतातही माणूस उजेडाबरोबरच राबतो. पण रत्नागिरी, सातारा, पुणे, नगरकडून आलेल्या माणसाला गावात पेरणी-कापणीची घाई सरली की उसंत मिळे. जत्रा असे, लग्नसराई असे, पावसाने झोड उठवली तर घरी बसणंही असे. गिरणीत वर्षाचे सगळे दिवस सारखेच. वाफेचं इंजिन दमत नाही, त्याच्या पट्ट्याला जोडलेला साचाही दमत नाही. दमणारा एकटा माणूस होता. या माणसाने स्वतःसाठी वेळ कसा मागितला, कसा मिळवला आणि मिळालेल्या वेळाचं काय केलं, हा भाग संपांच्या गोष्टींत दबून जातो. गिरणगावाचा लढा पगाराइतकाच वेळेचाही होता, आणि त्यातला विचार मला अधिक खोल वाटतो.

कारखान्यांच्या कायद्याची सुरुवात मात्र कामगारांच्या मागणीने झाली नाही. मुंबईचं स्वस्त सूत आणि कापड लँकेशायरच्या मालकांना खुपू लागलं होतं. आमच्यावर कामाच्या तासांची बंधनं आहेत, मुंबईकरांवर का नाहीत, असा ओरडा मँचेस्टरहून सुरू झाला. मुंबई सरकारने १८७५ मध्ये चौकशीसाठी आयोग नेमला. इथले गिरणीमालक म्हणाले, हा कळवळा नव्हे, धंद्यातली चढाओढ आहे. ते खोटं नव्हतं. पण मँचेस्टरचा हेतू वाईट होता म्हणून मुंबईतल्या सात वर्षांच्या पोराचे हाल कमी होत नव्हते. हे ओळखून कायद्याचा आग्रह धरणारे इथलेच एक गृहस्थ होते, सोराबजी शापूरजी बंगाली. अखेर १८८१ मध्ये पहिला फॅक्टरी ॲक्ट आला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही, सात ते बारा वयाच्या मुलांकडून ९ तासांपेक्षा जास्त काम करून घ्यायचं नाही, एवढाच त्याचा गाभा. प्रौढ माणसांबद्दल त्यात तासाचं एकही बंधन नव्हतं. प्रौढ पुरुष स्वतंत्र आहे, आपला करार करायला तो समर्थ आहे, सरकारने मधे पडायचं कारण नाही, अशी त्या काळची राज्यकर्त्यांची धारणा होती. ज्याच्या घरी उद्याचं पीठ नाही तो हा करार कसा करणार, हा प्रश्न त्या धारणेत बसत नव्हता.

तो प्रश्न ज्यांनी उभा केला त्या नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ मध्ये ठाण्याचा. आधी रेल्वे, मग टपाल खातं, मग मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर. गिरणी त्यांनी आतून पाहिली होती. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते आणि १८८० पासून ‘दीनबंधु’चे संपादक. बहुजनांच्या दैन्याचं मूळ अविद्येत आहे, ही फुल्यांची शिकवण. लोखंड्यांनी ती गिरणीच्या दारात आणली तेव्हा तिला नवा अर्थ मिळाला. जो माणूस पहाटे घर सोडतो आणि दिवेलागणीनंतर परततो, तो शिकणार कधी, वाचणार कधी, समाजाच्या कामाला येणार कधी? सत्यशोधकाच्या दृष्टीने मोकळा वेळ ही विद्येची पहिली अट होती.

सप्टेंबर १८८४ मध्ये परळला सुपारीबागेत कामगारांची सभा भरली आणि सरकारकडे पाठवायच्या अर्जावर सुमारे ५,५०० जणांच्या सह्या झाल्या. अर्जातल्या मागण्या एकेक करून वाचाव्यात अशा आहेत. दर रविवारी पूर्ण सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हातात पडावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचा जायबंदी झाला तर पुढच्या पोटापाण्याची सोय. पगारवाढीचा शब्द या अर्जात नाही. जवळजवळ प्रत्येक मागणी वेळेची आहे. पगाराच्या तारखेची मागणीही तशीच पाहायला हवी. महिनोन्‌महिने पगार अडकवून ठेवला की कामगार गिरणी सोडून जाऊ शकत नसे, वाण्याकडे उधारी वाढत जाई, आणि पुढच्या महिन्याची मेहनत आधीच गहाण पडे.

मालकांचं उत्तर ठरलेलं होतं. हे लोक मनाला येईल तेव्हा गावी जातात, खाडे करतात, वेगळी सुटी कशाला? लोखंडे सहा वर्षं चिकाटीने मागे लागले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सभा झाली, तिला सुमारे १०,००० कामगार जमले. या सभेत दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या. १८९० सालच्या मुंबईत बायांनी हजारोंच्या सभेत उभं राहून आपल्या कामाच्या तासांविषयी बोलणं, याची कल्पना आज करून पाहावी म्हणजे त्या दिवसाचं मोल कळतं. पुढे दीड महिन्याने, १० जून १८९० रोजी, गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या सुधारित कायद्याने आठवड्याची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती देशभर लागू झाली, आणि स्त्रियांचं काम ११ तासांवर आलं. पुरुषांच्या तासांना अजूनही मर्यादा नव्हती.

रविवार हा इंग्रजांचा चर्चला जायचा दिवस, म्हणून आपल्याला सुटी मिळाली, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. गिरणी कामगाराने तो सहा वर्षं मागून घेतला होता. आणि त्याच्या घरच्या रीतीतही तो दिवस परका नव्हता. पुणे-सासवडकडच्या माणसाला रविवार म्हणजे खंडोबाचा वार. या नव्या सुटीतही फटी होत्याच. रविवारी सकाळी यंत्रं पुसायला बोलावणं ही गिरण्यांची जुनी सवय लगेच सुटली नाही. पण एकदा दिवस आपला ठरला की तो हिसकावला जातोय हे दिसतं, आणि दिसलं की त्याविरुद्ध बोलता येतं.

१८९० मध्येच मुंबईत लोखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा झाली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं तिथे ठरलं. गिरणीच्या तासांशी त्याचा थेट संबंध नाही. तरी मला या दोन गोष्टी एकाच विचाराच्या वाटतात. किती वेळ राबायचं हे जसं कामगाराने ठरवावं, तसं आपल्या हातांनी कोणतं काम करायचं नाही हेही त्यानेच ठरवावं. फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत रुग्णांसाठी झटताना लोखंडे स्वतः गेले.

त्या प्लेगने गिरणगाव ओस पाडलं. माणसं जीव मुठीत धरून गावाकडे पळाली आणि मालकांना पहिल्यांदाच हातांची टंचाई जाणवली. नाक्यानाक्यावर मजूर भरती करणारे जॉबर उभे राहून रोजच्या रोज रोखीने माणसं बोलीने घेऊ लागले. पगार महिनाभर अडकवणारेच आता संध्याकाळी पैसे मोजत होते. साथ ओसरली तशी ती सवलतही गेली.

मग आला दिवा. विजेचे दिवे गिरण्यांमध्ये नव्या शतकाच्या सुरुवातीला झपाट्याने बसू लागले, आणि १९०५ मध्ये धंदा तेजीत असताना मालकांच्या ध्यानात आलं की यंत्र थांबवायचं एकमेव कारण आता उरलेलं नाही. सूर्य मावळला तरी धागा दिसत होता. कामाचा दिवस साडेचौदा-पंधरा तासांवर गेला. साडेचौदा तास गिरणीत, जाण्या-येण्याला तासभर. उरलेल्या साडेआठ तासांत नळावरचं पाणी, चूल, जेवण, आंघोळ आणि झोप. पहाटेचा भोंगा चुकू नये म्हणून काही जण गिरणीच्या फाटकाबाहेरच अंग टाकत. हातात घड्याळ नव्हतं. उशीर झाला तर दंड, नाहीतर फाटक बंद आणि दिवसाचा खाडा.

अंधारात चाचपडणाऱ्या माणसासाठी विजेच्या दिव्याइतकी चांगली वस्तू क्वचितच निघाली असेल. रात्रशाळा त्याच दिव्याखाली भरल्या, नाटकं त्याच दिव्यांवर झाली. गिरणीत मात्र तो माणसाची झोप घेऊन आला. यंत्राने काम हलकं होतं, असं आपण धरून चालतो. एका तासाचं काम अर्ध्या तासात झालं, तर वाचलेला अर्धा तास कुणाच्या पदरात पडायचा हे यंत्र कधीच ठरवत नाही. ते फाटकाची किल्ली ज्याच्याकडे आहे तो ठरवतो, किंवा फाटकाबाहेर जमलेली माणसं ठरवतात. १९०५ मध्ये कामगार संप आणि दंगे करून रस्त्यावर आले. ‘टाइम्स ऑफ इंडिया’सारख्या, कामगारांचा कैवारी म्हणून कुणी ओळखत नव्हतं अशा वर्तमानपत्रालाही या माणसांची तुलना गुलामांशी करावीशी वाटली आणि त्याने लांब तासांविरुद्ध मोहीम चालवली.

याच गदारोळात आणखी एक गोष्ट घडली. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने देशभर एकच प्रमाणवेळ सुरू केली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्याहून ३९ मिनिटं मागे होती. नव्या घड्याळाप्रमाणे गिरणी सुरू करायची म्हणजे सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटं आधी फाटकात उभं राहायचं. आदल्या वर्षी दिव्याने रात्र गेली होती, आता घड्याळाने पहाट चालली होती. त्या जानेवारीत हजारो गिरणी कामगारांनी साचे सोडले आणि दगडफेकही झाली. शहरातल्या शिकल्यासवरल्या लोकांनीही या वेळेला विरोध केला. महापालिका तर पुढे कित्येक दशकं मुंबईची जुनीच वेळ पाळत राहिली. महापालिकेचा हट्ट मानाचा होता, साचेवाल्याचा झोपेचा.

सरकारला चौकशी करावीच लागली. १९०६ मध्ये एक समिती, पाठोपाठ १९०७-०८ मध्ये मॉरिसन यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग. आयोगाला गिरण्यांच्या आवारात जे दिसलं ते विलक्षण आहे. कामगार अधूनमधून साचा शेजाऱ्यावर सोपवून बाहेर येत, हौदावर आंघोळ करत, कपडे धुवून वाळत घालत, विडी ओढत, आवारातच न्हाव्याकडून दाढी करून घेत, सावलीत डुलकी काढत. हे गृहीत धरून गिरण्या जास्तीची माणसं बाळगत. मालकांनी यावरून एक युक्तिवाद उभा केला. हा कामगार सतत काम करतच नाही. तास लांब असले तरी तो निवांतच असतो. मग मर्यादा कशाला?

मला यात आळस दिसत नाही. घरचं जे आयुष्य गिरणीने गिळलं होतं, ते ही माणसं गिरणीच्या आवारातच, हौदाच्या कडेला, तुकड्यातुकड्याने जगत होती. दाढी, आंघोळ, झोप या गोष्टी माणूस टाळू शकत नाही. त्या घरी करायला वेळ मिळाला नाही तर तो त्या कामाच्या वेळेतून चोरतो. आयोगावर मद्रासचे डॉ. टी. एम. नायर होते. बहुसंख्य सदस्य प्रौढ पुरुषांच्या तासांना थेट हात घालायला तयार नव्हते, तेव्हा नायरांनी आपली भिन्न मतपत्रिका जोडली आणि पुरुषांसाठीही १२ तासांची मर्यादा कायद्यानेच घाला, असं ठामपणे मांडलं. १९११ च्या कायद्यात, कापड गिरण्यांपुरती का होईना, ती मर्यादा आली. पाळी पद्धत नसेल तर पहाटे साडेपाचच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कुणालाही राबवायचं नाही, हेही ठरलं. दिव्याला प्रथमच वेसण बसली.

याच मधल्या काळात, जुलै १९०८ मध्ये, टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस याप्रमाणे सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. लंडन-जिनिव्हापर्यंत गाजलेला हा संप राजकीय इतिहासात नीट नोंदला गेला आहे. मला त्यात दिसतं ते असं: पगाराची गरज सर्वांत जास्त असलेल्या माणसांनी आपले सहा दिवस एका विचारासाठी खर्ची घातले. वेळ आपला आहे असं मानणाराच तो असा देऊ शकतो.

त्याच्या पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९०९ मध्ये, लंडनहून दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्या बोटीवर गांधीजींनी ‘हिंद स्वराज’ लिहिलं. यंत्रांबद्दलच्या प्रकरणात मुंबईच्या गिरण्यांचा उल्लेख आहे: तिथले कामगार गुलाम झाले आहेत आणि बायकांची दशा तर पाहवत नाही, असा त्याचा आशय. जे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे होतं ते खरं होतं. त्यावरून त्यांनी यंत्रालाच दोषी ठरवलं. पुढे त्यांनी आपला विरोध यंत्राला नसून यंत्राच्या हव्यासाला आहे, असं सांगितलं. पण गिरणगावातल्या कुणी साचा मोडून गावी चरखा धरायचा निर्णय सामुदायिकपणे घेतल्याचं दिसत नाही. त्यांना साचा हवा होता आणि संध्याकाळही हवी होती.

यंत्रासाठी आणखी कुणी किंमत मोजली तेही विसरू नये. १९१५ पासून खोपोलीच्या टाटांच्या वीजकेंद्रातून गिरण्यांना वीज मिळू लागली. पुढच्या धरणासाठी मुळशीच्या मावळ्यांची भातखाचरं जाणार म्हटल्यावर १९२१ मध्ये सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी सत्याग्रह उभारला. गिरणीतला माणूस ज्या मावळातून आणि देशावरून पोट भरायला आला होता, तिथल्याच शेतावर पाणी चढवून त्याच्या साच्याला वीज आली. मुळशी हरली.

संध्याकाळ हळूहळू सुटत होती. १९२० च्या आरंभी झालेल्या सार्वत्रिक संपानंतर मुंबईत १० तासांचा दिवस आला. १९२२ च्या कायद्याने देशासाठी आठवड्याचे ६० तास ही मर्यादा घातली. आता प्रश्न होता या सुटलेल्या वेळाचा, आणि गिरणगावाने त्याचं जे केलं ते मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत मोलाचं वाटतं. ना. म. जोशी यांच्या १९११ च्या सोशल सर्व्हिस लीगने रात्रशाळा, वाचनालयं, फिरती ग्रंथालयं चालवली. परळचा दामोदर हॉल सभांचाही झाला आणि नाटकांचाही. पण संस्थांनी दिलं त्याहून जास्त कामगारांनी स्वतः उभं केलं. कोकणातल्या एकेका गावाच्या नावाने चाळीत खोली घेतलेली असे. कोपऱ्यात वळकट्या, भिंतीवर टांगलेला मृदंग, शिक्क्याच्या पेटीत मंडळाची वर्गणी आणि हिशेबाची वही. रात्री जेवणं उरकली की तिथेच भजन, गणपतीच्या आधी मेळ्याची तालीम, शिमग्याआधी नमन-खेळ्याची. दशावतारात राजा होणारा माणूस सकाळी रिंगखात्यात असे. घाटावरचे गडी तालमीत घुमत, फडाच्या तमाशाला गर्दी करत. १९४० च्या दशकात याच वस्तीतून अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं. अण्णा भाऊंनी गिरणीत काम केलं होतं. नारायण सुर्व्यांना ज्यांनी उचलून घरी आणलं आणि वाढवलं ते गंगाराम आणि काशीबाई सुर्वे दोघेही गिरणीत कामाला होते. कामगाराला फावला वेळ दिला तर तो दारूत घालवील, असं सांगणारे जगभर होते. दारू होतीच, गिरणगावात ती कुणी नाकारू नये. पण मराठी रंगभूमीला, लोककलेला आणि कवितेला या संध्याकाळींनी जे दिलं त्याचा हिशेब अजून पुरा झालेला नाही.

मिळालेली मोकळीक टिकवणं आता वेगळ्या बाजूने अवघड झालं. तास बांधले गेले तेव्हा मालकांनी तासाच्या आतलं काम वाढवायला घेतलं. जपानी कापडाची स्पर्धा होती, आणि कार्यक्षमता हा परवलीचा शब्द झाला होता. ससून समूहाच्या गिरण्यांत दोन साचे चालवणाऱ्याला तीन साचे, एक बाजू सांभाळणाऱ्या कातणाऱ्याला दोन बाजू, असा प्रयोग सुरू झाला. तिसरा साचा घेणाऱ्याचा पगार थोडा वाढणार होता. साचेवाल्यांचा हिशेब साधा होता: सहा साच्यांना आतापर्यंत तिघं लागत, आता दोघं लागतील, तिसरा कुठे जाणार? आणि उरलेल्या दोघांना हौदावर जायला कुणाचा शेजार उरणार?

एप्रिल १९२८ च्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. जोशी यांच्यासारखे नेमस्त, डांगे, निंबकर, मिरजकर यांच्यासारखे कम्युनिस्ट, आणि अर्जुन आळवे, कासले यांच्यासारखे प्रत्यक्ष गिरणीतले कामगार एका संप समितीत बसले. मे महिन्यात स्थापन झालेल्या गिरणी कामगार युनियनची वर्षअखेरीस सभासदसंख्या ५० हजारांच्या पुढे गेली. नागू सयाजीच्या वाडीत रोज सभा, चाळीचाळींत धान्यवाटप. कुणी यंत्र बंद करा म्हणत नव्हतं. यंत्रातून वाचलेलं श्रम बेकारी होऊन आमच्याच अंगावर का येतं, हा त्यांचा सवाल होता. न्यायमूर्ती फॉसेट यांच्या चौकशी समितीने नवी पद्धत काही अटींसह तत्त्वतः योग्य ठरवली. मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या खटल्यासाठी युनियनचे पुढारी पकडून नेले.

या संपाच्या आत एक दुसरा सवाल होता आणि तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विचारला. विणखात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचं टोक बारीक भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. एका पाळीत हे पुन्हा पुन्हा चाले आणि तोच धोटा पुढच्याच्या हाती जाई. ज्या धोट्याला महाराचं तोंड लागलं त्याला आम्ही तोंड लावणार नाही, असं सवर्ण साचेवाले म्हणत. हीच रीत छातीचे आजारही पसरवत होती. तोंड न लावता ओवता येणारे धोटे जगात तयार झाले होते, म्हणजे तंत्रापाशी अडचण नव्हती. आंबेडकरांनी संप समितीला बजावलं, की विणखात्याची दारं सर्वांना उघडण्याची मागणी तुमच्या यादीत हवी. ती नाइलाजाने घातली गेली. परळच्या पोयबावडीजवळच्या बीआयटी चाळीत वर्षानुवर्षं राहिलेला हा माणूस कामगारांना जवळून ओळखत होता, त्यांच्यातली उतरंडही ओळखत होता.

म्हणूनच यंत्र आणि फुरसत यांवरचं सर्वांत स्पष्ट विवेचन आंबेडकरांनी केलं, याचं मला आश्चर्य वाटत नाही. १९४५ च्या आपल्या ग्रंथात, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं याचा हिशेब मांडताना, त्यांनी गांधीवादाच्या अर्थविचारावर एक प्रकरण लिहिलं. त्यांचा मुद्दा असा: पशूला पोट भरणं पुरतं, माणसाला संस्कृती लागते, आणि संस्कृतीला फुरसत लागते. आजवर थोड्यांची फुरसत बहुतांच्या कष्टांवर उभी होती. सगळ्यांना ती मिळायची तर श्रम कमी करणारं यंत्र हवंच. यंत्रयुगातली दुःखं यंत्राने आणलेली नाहीत. खासगी मालमत्ता आणि वैयक्तिक नफा यांना पवित्र मानणाऱ्या समाजरचनेने आणली आहेत. तेव्हा रचना बदला, यंत्र ठेवा. ज्याच्या पूर्वजांच्या वाट्याला गावगाड्यातली सक्तीची कामं आली होती, त्याला चरख्याकडे आणि गावाकडे परत चला हा सल्ला कसा ऐकू येत असेल, हे या प्रकरणात जाणवतं. गांधीजींनी गिरणीतली वेदना पाहिली. आंबेडकरांनी ती पाहिली आणि गिरणीबाहेरची, गावातली वेदनाही पाहिली.

आंबेडकरांनी हे केवळ लिहिलं नाही. १९२८ मध्येच मुंबईच्या विधिमंडळात त्यांनी बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाचं समर्थन केलं होतं. १९२९ मध्ये तो कायदा झाला. त्याची गरज किती होती हे कळायला एक तपशील पुरे. कामावर जाताना तान्ह्या मुलाने रडू नये म्हणून आया त्याला अफूची बाळगोळी देत. पोर दिवसभर गुंगीत पडून राही. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४५ मध्ये पगारी रजेची आणि १९४६ मध्ये आठवड्याला ४८ तासांची तरतूद फॅक्टरी कायद्यात आली. १९४८ च्या कायद्याने ती पक्की केली. सुपारीबागेतल्या अर्जापासून ६४ वर्षं लागली होती.

या ६४ वर्षांत एक काम कधीच कुठल्या कायद्याच्या कक्षेत आलं नाही. गिरणीत काम करणारी बाई संध्याकाळी सुटली की तिची दुसरी पाळी चुलीपाशी सुरू होई, रविवारीही. आणि ज्या हजारो एकट्या पुरुषांची भजनं, मेळे, तालमी, सभा आपण अभिमानाने सांगतो, त्यांच्या जेवणाची सोय खानावळवाल्या बाया करत. दहा बाय दहाच्या खोलीत एकेकीकडे वीस-पंचवीस गडी जेवायला. पाळ्या सुरू झाल्यावर तर पहाटेच्या पाळीचा डबा, दुपारच्या पाळीचं ताट आणि रातपाळीहून परतणाऱ्याची भाकरी, असा स्टोव्ह दिवसभर विझतच नसे. महिनाअखेरीस पैसे मिळणार, तोवर वाण्याची उधारी यांच्याच नावावर. १९२८ च्या संपात आणि नंतरच्या संपांतही उधारीवर जेवू घातलं ते यांनी. प्रेमा पुरव यांनी या बायांना एकत्र करून १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकांची कर्जं मिळवून दिली, तेव्हा कुठे यांच्या कामाला काम म्हणून कागदावर नाव मिळालं. तोपर्यंत गिरणगावात शंभराहून अधिक वर्षं भोंगा वाजत आला होता, आणि त्यांच्या तासांना कुठल्याही फॅक्टरी ॲक्टमध्ये जागा नव्हती.